काळा कॉर्सेट आणि पोटावरची फुली

फुली

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर येतात आणि पेनने तुमच्या पोटावर फुली मारतात. उद्या पोट फाडणार या भीतीने गळाठलेल्या माणसाला त्या फुलीचं काय वाटणार? मलाही काही वाटलं नाही. दोन महिन्यांनी मात्र मी त्या फुलीपायी रडले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझं मोठं आतडं काढून टाकायचं होतं. ते काढलं की लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून शिवतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यावर एक पिशवी चिकटवायची, आणि आपण ज्यासाठी संडासात जातो ते सगळं यापुढे त्या पिशवीत. हे तोंड पोटावर नेमकं कुठे काढायचं, ते त्या फुलीने ठरतं.

शीला सिस्टरांनी मला उभं केलं, बसवलं, पुढे वाकवलं. पोटाला वळ्या कुठे पडतात ते बोटांनी चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "बिटिया, कपड़ा कहाँ बाँधती हो? नाड़ा, बेल्ट, जो भी रोज़ पहनती हो, ठीक से बताओ."

मी तोंड उघडायच्या आत शेजारी उभी असलेली आई म्हणाली, "सलवार पहनती है. नाड़ा यहाँ, नाभी पे."

मी शेवटची सलवार शाळेत असताना घातली होती. त्या दिवशी अंगावर होती ती आईने खास दवाखान्यासाठी आणलेली, बदामी रंगाची. मी रोज काय घालते आणि कंबर कुठे आवळते, हे आईला पुरतं माहीत होतं. मलाही सांगता आलं असतं. पण सिस्टर, आई, पलीकडच्या खाटेवरची आजी, तिची सून, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझं पोट उघडं होतं. मी मान हलवली. हाँ, सलवार.

सिस्टरांनी नाभीच्या उजवीकडे, नाड्याच्या जागेपासून जरा खाली, निळी फुली मारली. पुसली जाऊ नये म्हणून वर पारदर्शक पट्टी चिकटवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

हे मी खरं तर हिंदीत लिहायला बसले होते. लखनौत वाढलेली मुलगी, हिंदी सोपी पडते. आई म्हणाली, "मराठीत लिही. मलाही कळू दे की तू काय काय लिहितेस ते." तेव्हा भाषा तिने तपासली आहे. मजकुराला हात लावू दिलेला नाही.

काळा

माझं नाव रेवती, वय सत्तावीस. बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग इथल्या छावणीत होती, आणि साताऱ्याला परत जायचं, जायचं म्हणत आम्ही तेलीबागेत घर बांधून बसलो. मी एका खासगी कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. आणि मी गॉथ आहे.

म्हणजे काय, ते आईच्या शब्दांत सांगते: "नखापासून बुटापर्यंत काळं. भर मे महिन्यातसुद्धा." त्यात काळी लिपस्टिक, लेस, जाड तळाचे बूट आणि साखळ्या मिळवा. लोक जे अशुभ म्हणून नाक मुरडतात त्यात आम्हाला काहीतरी देखणं दिसतं, एवढंच. लखनौत आम्ही सात जण आहोत. रविवारी एखाद्या बागेत बसतो, एकमेकांचे कपडे बघतो, चहा पितो.

शेजारच्या आंटी आईला विचारायच्या, "लड़की किसी के सोग में है क्या?" या शहरात मुहर्रमला काळे कपडे घालतात, त्यामुळे बाराही महिने काळ्यात फिरणाऱ्या मराठी मुलीचा उलगडाच कोणाला होत नसे. माझी मैत्रीण ज़ोया चौकातल्या शिया घरातली. मुहर्रमच्या दिवसांत ती लिपस्टिक, साखळ्या सगळं बाजूला ठेवते. "वो काला अलग है," म्हणते, "उसमें फ़ैशन नहीं." आमच्या घरातही काळ्याला एकच दिवस मुभा, संक्रांतीचा. त्या दिवशी आई स्वतः काळी चंद्रकळा नेसते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "आज तरी शोभून दिसतेस."

मी जाड आहे आणि सावळी आहे. ही वाक्यं आता मला सरळ लिहिता येतात. पूर्वी दुकानदार माझ्याकडे बघून "इनके साइज़ में तो..." एवढंच म्हणत आणि पुढचं वाक्य माझ्यावर सोडत. आई माझ्यासाठी फिके रंग शोधायची. काळा नको, आणखी काळी दिसशील. कॉलेजात गॉथ झाले तेव्हाही पहिलं वर्षभर मी इंटरनेटवरच्या गोऱ्या, काटकुळ्या मुली बघून तोंडाला पांढरी पावडर फासायचे. पिठाच्या डब्यात पडलेल्या पालीसारखी दिसायचे. ज़ोयाने एकदा स्वतःच्या रुमालाने ती पुसून काढली. "अमाँ, ये क्या चूना पोत रखा है? इतना अच्छा रंग मिला है, इसी को पहनो."

मग मी कॉर्सेट शिवला. कॉर्सेट म्हणजे कमरेभोवती आवळून मागे नाडीने बांधायचा ताठ, रुंद पट्टा. माझा नाभीच्या चार बोटं वर सुरू होतो आणि चार बोटं खाली संपतो. माझ्या मापाचा बाजारात मिळतच नव्हता. आईच्या शिलाई मशीनवर तीन बिघडवले, चौथा जमला. आत घालायच्या काड्यांसाठी आलमबागेतल्या बिजलीच्या दुकानातून जाड केबल टाय आणले. नाडीची भोकं ताडपत्रीला कड्या मारणाऱ्या माणसाकडून मारून घेतली. त्याने विचारलं, "टेंट किसका है?" मी म्हटलं, "मेरा."

तो घालून आरशासमोर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझं पोट आवडलं. ते काही लहान झालं नव्हतं. पण त्याच्यासाठी कोणीतरी नीट माप घेऊन काहीतरी शिवलं होतं, आणि ती कोणीतरी मीच होते.

काळ्यावर रक्त दिसत नाही

आता जे लिहिणार आहे त्याची लाज वाटते, पण ते वगळलं तर या लिहिण्याला अर्थ नाही.

मला शौचाला रक्त पडत होतं आणि मी ते पाच महिने कोणाला सांगितलं नाही. दिवसातून दोनदा, मग सहादा, मग मोजणं सोडून दिलं. ऑफिसात, टेम्पोत, कुठेही डाग पडला तरी काळ्या स्कर्टवर काही दिसत नसे. ज्या रंगाने मला चारचौघांत मान वर करायला शिकवलं, त्याच रंगामागे मी हे दुखणं लपवलं. कोणी असंच काही लपवत असेल तर कृपा करून आजच घरात सांगा.

मी भराभर बारीक होत होते. गल्लीत माझं कौतुक सुरू झालं. "अरे वाह, कितनी स्मार्ट हो गई! क्या डाइट ली?" लग्नाला आलेल्या नात्यातल्या एका काकूंनी तर गाल कुरवाळला. माझ्या अंगातलं रक्त चाललं होतं आणि लोक मला शाबासकी देत होते. खरं सांगू? थोडं बरंही वाटत होतं. वर्षानुवर्षांची भूक होती ती.

मग एके सकाळी मी मोरीत चक्कर येऊन पडले, आणि बाबांनी मला उचलून रिक्षात घातलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत. मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, हा आजार दीर्घकाळ राहतो, औषधांनी दाबून ठेवू. बाबांनी वहीत नाव लिहून घेतलं. आई बाहेर बाकावर येऊन बसली आणि माझ्या काळ्या ओढणीचं टोक मुठीत धरून म्हणाली, "सांगत होते मी, हे काळं चांगलं नाही. ओढवून घेतलंस की गं."

मी तिच्यावर ओरडले. आजार कपड्यांनी होत नाही, हे तिला हिंदीत, इंग्रजीत, मराठीत सांगितलं. पण लपला होता तो कपड्यांमुळेच, हे मला माहीत होतं. तेवढं मी बोलले नाही.

दीड वर्ष औषधं चालली. स्टिरॉइडने चेहरा पुरीसारखा फुगला. ज्या काकूंनी गाल कुरवाळला होता त्या म्हणाल्या, "परत सुटलीस होय?" मग औषधं लागू पडेनाशी झाली, आणि गणपती गेल्यावर आठवड्याभरात ऑपरेशन ठरलं.

खाट नंबर नऊ

ऑपरेशनच्या सकाळी एका नर्सने माझ्या नखांचं काळं पॉलिश पुसलं. बोटाला यंत्र लावायचं असतं, त्याला नख उघडं लागतं. दहाच्या दहा नखं पुसून होईपर्यंत आई समाधानाने बघत होती. मला ते ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतरचे दोन दिवस मला धड आठवत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून वॉर्डचं वेळापत्रक अंगवळणी पडलं. आधी फिनाईलचा वास, मग ताप बघणारी, मग डॉक्टरांचा घोळका, मग पातळ खिचडी. शीला सिस्टर दहाला येत आणि पिशवी बदलायला शिकवत. पहिल्या दिवशी मी मान फिरवून भिंतीकडे बघत राहिले. सिस्टर म्हणाल्या, "देखोगी नहीं तो पहचान कैसे होगी? अब साथ रहना है." दुसऱ्या दिवशी स्टोमा बघितला. लाल, ओला, मुडपलेल्या ओठासारखा. स्वतःच्या मर्जीने हलत होता. मी त्याला म्हटलं, "नमस्ते." सिस्टर हसल्या आणि मी रडले.

चौथ्या दिवशी भेटीच्या वेळेला ज़ोया आली, पायघोळ काळा झगा, काळे हातमोजे, काळी छत्री. सगळा वॉर्ड तिच्याकडे वळला. शेजारच्या खाटेवरची आजी उठून बसली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "हाय अल्लाह, कौन गुज़र गया?" ज़ोया म्हणाली, "कोई नहीं अम्माँ, सब ज़िंदा हैं, इसी खुशी में आई हूँ." टाके दुखेपर्यंत हसले मी. हसताना पोटावर उशी दाबून धरायची असते, तेही त्या दिवशी शिकले.

बाबा रोज संध्याकाळी येत आणि पायाशी बसत. फौजेतल्या माणसाला आजाऱ्याशी काय बोलावं ते सुचत नाही. घरी जायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "तुझे बूट बघितले. पार सुकले होते. पॉलिश केलेत." मी विचारलं, "कोणते?" "सगळे. चार जोड आहेत. ते जाड तळाचे हायत, त्यांना दोन हात दिले." हे बूट दारात दिसले की बाबा गेली आठ वर्षं दुसरीकडे बघत असत.

दोन बोटं

आठ आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, जखम भरली, हळूहळू नेहमीचे कपडे घालायला हरकत नाही. आई बाजारात जाऊन तीन कुर्ते घेऊन आली. फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट हिरवा, तिन्ही ढगळ. "पिशवी दिसणार नाही यात," म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी खोलीचं दार लावून कपाटातून कॉर्सेट काढला, नाडी सैल करून कमरेला लावला. खालची कड बरोबर स्टोमावर आली. जरा वर, जरा खाली असं नाही. नेमकी त्याच्यावर. वर सरकवला तर बरगड्यांत रुतत होता, खाली ओढला तर पिशवी मधोमध दुमडत होती. दहा मिनिटांत पिशवीची कड सुटली आणि सगळं पायांवरून जमिनीवर आलं.

तिथेच बसून राहिले. वासात, ओल्या पायांनी. त्या पिशवीची मला किळस नव्हती, त्याहून वाईट काहीतरी वाटत होतं. इतक्या वर्षांत कष्टाने माझं असं एक शरीर मी मिळवलं होतं, आणि ते परत घेतलं गेलं होतं. आता मी ढगळ गुलाबी कुर्त्यातली ती मुलगी, जिच्या मापाचं काही मिळत नाही.

आई फडकं घेऊन आली तेव्हा मी तिला नको ते बोलले. "तूच सांगितलंस ना, सलवार पहनती है? तुला पाहिजे होतं तसं झालं. अब खुश रहो." आईने जमीन पुसली, मला पुसलं, पिशवी बदलायला मदत केली. पुढचे दोन दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच शीला सिस्टरांकडे गेले. कॉर्सेट सोबत नेला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, केबल टाय वाकवून पाहिले, माझ्या पोटाला लावला आणि कपाळावर हात मारला.

"ये रोज़ पहनती थीं?"

"जी."

"तो उस दिन बताया क्यों नहीं? दो उंगल नीचे निशान लगा देती, ये ऊपर से निकल जाता."

"शर्म आ रही थी."

"किससे? पेट तो खोल के खड़ी थीं मेरे सामने. कपड़े बताने में शर्म आ गई?"

मान आईने हलवली नव्हती, मी हलवली होती. पाच महिने रक्त लपवलं, आणि ज्या एका दिवशी लपवायला नको होतं त्या दिवशी स्वतःलाच लपवलं.

मी विचारलं, जागा बदलता येते का. त्या म्हणाल्या, "सिर्फ़ कपड़े के लिए दोबारा ऑपरेशन? डॉक्टर साहब हम दोनों को भगा देंगे." मग कॉर्सेट माझ्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "पेट अब नहीं सरकेगा बिटिया. कपड़ा सरकाओ. सिया तो तुम्हीं ने है ना?"

मेहराब

रविवारी ज़ोयाच्या घरी गेले. तिथे तिची फूफी, म्हणजे आत्या, चिकनचं भरतकाम करते, पन्नास वर्षं तेच करत आली आहे. ज़ोयाने कॉर्सेट गालिच्यावर पसरला आणि खडूने खालच्या कडेला, उजव्या बाजूला, एक कमान काढली. टोकदार, इथल्या जुन्या दरवाजांना असते तशी. "यहाँ मेहराब काट दो. कोने में नहीं छुपाना है इसे, इसका तो दरवाज़ा बनाओ."

मला भीती वाटत होती ती कापायची. चौथ्या प्रयत्नात जमलेला होता तो. कापला आणि बिघडला तर? रात्रंदिवस ज्याच्यासाठी रडत होते त्याला मीच कात्री लावायची होती.

घरी येऊन मशीनशी बसले. कमान कापली की तिच्या कडेला मऊ पट्टी हवी, त्वचेला घासणार नाही अशी, आणि माझ्याकडचं सगळं काळं कापड खरखरीत होतं. आई दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. मग कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ती चंद्रकळा घेऊन आली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आजीने तिला नेसवलेली, तीस वर्षं धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली.

"आई, ये नहीं. ही साडी नाही कापायची."

"अख्खी कुठं कापतेय? हे बघ की, हे आतलं टोक. हे कंबरेला खोचलेलंच असतं. तीस वर्षांत कुणी बघितलं नाही हे." तिने साडी जमिनीवर पसरली, वीतभर मोजली आणि माझ्या हातातली कात्री घेऊन सरळ रेषेत कापत गेली. कापून झाल्यावर उरलेल्या साडीची घडी घालू लागली. "त्या दिवशी मला वाटलं," ती म्हणाली, "आता तरी साधे कपडे घालशील. देवाने निमित्त दिलंय. एवढंच वाटलं गं. बाबांना सांगत होतीस ते ऐकलं मी. दोन बोटांनी एवढं होतं, ते मला काय ठाऊक?"

"मान मी हलवली, आई."

"हो. तूबी येडीच."

एवढ्यावर आमचं भांडण मिटलं. नंतर दोघी मिळून तेलीबागेतल्या ठेल्यावरची टिक्की खाऊन आलो. मी अर्धीच, नीट चावून.

कॉर्सेटला मी खडूच्या रेषेवर कात्री लावली. त्या वीतभर कापडातून कमानीची पट्टी झाली आणि पिशवीवर घालायची खोळ झाली. उजव्या बाजूच्या केबल टायच्या काड्या मी काढून टाकल्या. कॉर्सेट आणि खोळ घेऊन फूफीकडे गेले आणि म्हटलं, काळ्यावर काळ्याच दोऱ्याने भरून द्या. फूफीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काले पे काला? मेरी आँखें फोड़ोगी?" मग खोळ हातात घेऊन विचारलं की ही कशासाठी. मी पोट दाखवलं. त्या अंगणातल्या उन्हात सरकून बसल्या. महिनाभर रोज दुपारचं ऊन असेतो थोडं थोडं काम चाललं. छोट्या छोट्या तांदळाएवढ्या गाठींची वेल कमानीभोवती चढली आणि खोळीवर उतरली. लांबून काहीच दिसत नाही. जवळ आलं की दिसतं.

(कोणाला असं काही शिवायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना आणि स्टोमा सिस्टरांना विचारा. मी विचारलं होतं. सैल बांधायचं, जड उचलायचं नाही, आणि दुखलं तर फॅशन गेली खड्ड्यात.)

हल्ली शीला सिस्टर कधीकधी मला फोन करतात. फुलीच्या दिवशी कोणी मुलगी मान खाली घालून बसली असेल तर मी जाते. काळ्या लिपस्टिकसकट. बरोबर आलेल्या बायकांना चहा आणायला पाठवते आणि विचारते, "सच में क्या पहनती हो?" हरदोईकडची एक नवी सून म्हणाली, साडी. मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, जीन्स, मायके में, नीची वाली. सिस्टरांनी पट्टी काढली, फुली पुसली आणि दुसरीकडे मारली.

पहिली संक्रांत

आमच्याकडे संक्रांतीला हळदीकुंकू असतं. छावणीतल्या आणि तेलीबागेतल्या बारा-पंधरा मराठी बायका येतात. या वर्षी मी आईला आधीच सांगितलं होतं, मी खोलीतून बाहेर येणार नाही. पिशवीची लाज नव्हती वाटत आता. आवाजाची वाटत होती. स्टोमाला मन मारून गप्प बसणं जमत नाही. कधीही गुडगुडतो, कधी त्याहून वाईट. रविवारच्या मंडळींत चालतं, ज़ोया त्याला मुशायऱ्यात शायराला म्हणतात तसं "इरशाद" म्हणते. पण जाधव काकूंसमोर?

बाहेर दाट धुकं होतं. चारच्या सुमारास आई चंद्रकळा नेसून खोलीत आली. हातात पुठ्ठ्याचा डबा होता. "तयार हो. सगळं घाल तुझं."

मी कॉर्सेट घातला, स्कर्ट घातला, खोळ अडकवली, बूट चढवले. आईने डबा उघडला. आत हलव्याचे दागिने होते. हार, बाजूबंद, कानातली, बिंदी. काटेरी पांढऱ्या हलव्याचा एकेक दाणा तिने दोऱ्यात गुंफला होता. हलवा मावशीने साताऱ्याहून पाठवला होता, हे मला नंतर कळलं. धुक्याने तो जरा ओलसर झाला होता आणि बोटांना चिकटत होता.

"आई, हे तर नव्या नवरीला घालतात. नाहीतर बाळाला."

"माहितेय मला. बस खाली."

तिने एकेक दागिना घातला. काळ्यावर पांढरा हलवा. आरशात बघितलं आणि मनात म्हटलं, हे आमच्या सात जणांत आजवर कोणालाच सुचलं नाही, आणि इथे आया दरवर्षी करत आल्यात.

बाहेर आलो. जाधव काकू आईच्या सर्वांत जुन्या मैत्रीण, त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. "अगं बाई! हलव्याचे दागिने? लग्न ठरलं की काय रेवतीचं? आणि आम्हाला पत्ता नाही!"

नेमका त्याच वेळी स्टोमा बोलला. मोठ्याने, लांबलचक. खोलीतल्या प्रत्येक बाईला ऐकू गेला. एका बाईने साडीचा पदर नाकाशी नेला आणि मग खाली सोडला. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी तिळगुळाचं ताट घेऊन सावधानमध्ये उभे होते.

आईने हळदीकुंकवाची कोयरी उचलली. सगळ्या बायकांना ओलांडून ती आधी माझ्यापाशी आली.

"लग्न नाही," ती म्हणाली. "नवं पोट आहे हे. त्याची पहिली संक्रांत आहे."

तिने मला हळद लावली, कुंकू लावलं. मग जाधव काकू उठल्या, जवळ आल्या, वाकून खोळीवरची वेल बघितली. बोट लावू का म्हणून माझ्याकडे बघितलं, मी हो म्हटलं. "कापड कसलं गं हे? एवढं मऊ?"

"माझ्या साडीचं," आई म्हणाली आणि कमरेवर हात ठेवला. "हितलं. आत खोचलेलं."

काकूंनी एकदा आईच्या साडीकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे. मग बाबांच्या ताटातून तिळगूळ उचलून माझ्या हातावर ठेवला. "घे बाई. गोड बोल." पोट पुन्हा गुडगुडलं.

"ऐकतंय बघ," काकू म्हणाल्या, आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पोटावर हात न ठेवता.

तिळगूळ नीट चावून खाल्ला. मग आईच्या हातातलं वाणाचं ताट घेतलं आणि दारापासून सुरुवात करून एकेका बाईसमोर जाऊन उभी राहिले. बसलेल्या प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर बरोबर माझी कंबर येत होती. मी कुठेही घाई केली नाही.